शाळा समितीत नाव आलंय? मग नुसत्या सह्या करू नका

आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समितीची मिटिंग म्हणजे रजिस्टर घरी यायचं, चहा पिता पिता तीन ठिकाणी सही ठोकायची, झालं. पहिलं वर्ष मीही तेच केलं. झेडपीच्या शाळेत ज्यांची पोरं आहेत आणि समितीत नाव लागलंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात आधी पोरं वाचतात का ते बघा. कमान, रंगरंगोटी, स्मार्ट टीव्ही सगळं नंतर. दुसरीच्या लेव्हलचा पण वर्गात न शिकवलेला एखादा उतारा घ्या (शिकवलेला धडा पोरांना पाठ असतो, आपण फसतो) आणि तिसरी ते पाचवीच्या एकेका पोराला बाजूला घेऊन वाचायला सांगा, नाही जमलं तर चार सोपी वाक्यं, तेही नाही तर सुटे शब्द, मग अक्षरं. असर म्हणून खेड्यापाड्यातल्या पोरांच्या वाचन-गणिताचा सर्व्हे होतो, त्यातही साधारण असंच तपासतात. कोण कुठे अडलं ते वहीत लिहा. गुरुजींना आधी सांगून ठेवा बरं का, नाहीतर त्यांना वाटतं परीक्षा त्यांचीच चाललीये.

मग मिटिंगमधे एकच मागणी धरून बसा: रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे गट. पाचवीतलं पोर शब्दांवर अडलं असेल तर त्या तासाला ते शब्दांच्या गटात. गटांना झाडांची नावं द्या, काहीही द्या, पण "कच्ची पोरं" म्हणू नका, एकदा म्हटलं की ते वर्षभर चिकटतं.

शिक्षक कमी असतील तर २००९ चा शिक्षण हक्क कायदा काढा. पहिली ते पाचवीला पट ६० पर्यंत असेल तर २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४. कलम २७ प्रमाणे जनगणना, निवडणूक आणि आपत्तीची कामं सोडून गुरुजींना दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावता येत नाही. मतदारयादीचं काम निवडणुकीतच मोडतं, तिथे भांडून उपयोग नाही, भांडायचं ते बाकीच्या कामांवर. तोंडी बोलून काही होत नाही हो, ठराव करा, इतिवृत्तात लिहून घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात अर्ज द्या आणि आवक नंबर पडलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पैशाचं थोडक्यात. शाळा विकास आराखडा समितीनंच करायचा असतो, तो ३ वर्षांचा असतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला पटाप्रमाणे अनुदान येतं, १०१ ते २५० पट असेल तर वर्षाला ५०,००० पर्यंत. किती आले, कशावर गेले ते विचारा, अध्यक्ष पालकांपैकीच असतो आणि मुख्याध्यापक सचिव, त्यामुळे हिशोब मागणं म्हणजे आगाऊपणा नाही.

आणि मिटिंगची वेळ बदला. समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात असं कायदा सांगतो, पण सकाळी ११ ला बोलावलं तर खुरपणीला गेलेली आई येणार कशी? आम्ही संध्याकाळी ७ ला घ्यायला लागलो तेव्हा कुठे खुर्च्या भरल्या, आणि पोरगं घरी वाचतंय की नुसती पानं उलटतंय हे त्या आयांनीच सांगितलं.

तीन महिन्यांनी तीच वही काढा, तीच पोरं, नवा उतारा.