पचनसंस्थेच्या कर्करोगासाठी नवी तपासणी: कोणती निवडावी आणि तयारी कशी करावी

शौचावाटे रक्त जाऊ लागले की उदगीर असो वा हिंगोली, आपल्याकडे पहिला संशय मूळव्याधीचाच घेतला जातो आणि गावठी उपचारांत कित्येक महिने निघून जातात. म्हणून तपासणीची निवड तक्रारीवरून करावी. यंत्र किती नवे आहे, हा प्रश्न नंतरचा.

कोणतीही तक्रार नसलेल्या, पण वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीने शौचातील अदृश्य रक्ताची ‘फिट’ चाचणी करावी. ती केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखत असल्यामुळे तिच्यासाठी पथ्य लागत नाही. ती सकारात्मक आल्यास कर्करोगच आहे असे नव्हे, परंतु कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, टाळता येत नाही. रक्त दिसत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाची सवय बदलली असेल, तर घरीच चाचण्या करत न बसता थेट डॉक्टरांकडे जावे. घास अडकत असल्यास अन्ननलिका व जठराची दुर्बिणीतून तपासणी करावी लागते. तिथे निळा-हिरवा प्रकाश वापरल्यास वरच्या थरातील रक्तवाहिन्या उठून दिसतात आणि संशयास्पद जागेचा तुकडा नेमका घेता येतो. स्वादुपिंडातील गाठीसाठी दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफी उपयोगी पडते.

रक्तातील डीएनएवरून मोठ्या आतड्याचा कर्करोग शोधणाऱ्या ‘शील्ड’ चाचणीला अमेरिकेत जुलै २०२४ मध्ये मान्यता मिळाली. तिच्या अभ्यासात सुमारे ८३ टक्के कर्करोग सापडले, पण कर्करोगापूर्वीच्या मोठ्या गाठी अवघ्या १३ टक्के. त्या गाठी वेळीच काढणे हाच कर्करोग टाळण्याचा मार्ग असल्याने, माझ्या मते, कोलोनोस्कोपीची जागा ही चाचणी घेऊ शकत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता कोलोनोस्कोपी चालू असतानाच पडद्यावर संशयित गाठीभोवती चौकट दाखवते. मात्र मळाखाली झाकलेली गाठ तिलाही दिसत नाही, म्हणून आतडे साफ करण्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापासून ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, कारळ-जवसाची चटणी आणि बियांची फळे बंद करावीत, कारण बिया व कोंडा आतड्यात चिकटून राहतात. आदल्या दिवशी मऊ भात किंवा केवळ गाळलेले पातळ पदार्थ, याचा निर्णय डॉक्टरांचा. लाल रंगाची सरबते मात्र टाळावीत. जुलाबाचे औषध साधारणतः दोन भागांत, म्हणजे अर्धे आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीपूर्वी काही तास आधी घेतात. हा दुसरा भाग घेऊन एसटीत बसणे शक्य नसते; त्यामुळे छत्रपती संभाजीनगर किंवा लातूरला तपासणी असल्यास आदल्या रात्री तिथेच मुक्काम करावा. उन्हाळ्यात पाणी कमी पडू देऊ नये. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयी आधीच विचारावे. त्या स्वतःहून बंद करू नयेत. गुंगीचे औषध दिले जात असल्याने घरचे माणूस सोबत असावे.

निघण्यापूर्वी अहवालात तीन गोष्टी पाहाव्यात: आतडे कितपत साफ होते, दुर्बीण मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत पोहोचली का, आणि काढलेले तुकडे तपासणीस पाठवले का. साफसफाई अपुरी असल्यास तपासणी पुन्हा कधी करायची, ती तारीख त्याच वेळी लिहून घ्यावी.