ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाची वाट पाहताना या चुका टाळा

लग्नाच्या आधारावर केलेला अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा अर्ज बिघडतो, तो बहुतेक वेळा मुलाखतीच्या खोलीत नव्हे, तर त्याआधीच्या महिन्यांत. अर्ज गेला, पावती आली, आता फक्त वाट बघायची असं धरून माणसं घर बदलतात, नोकरी बदलतात, भावाच्या लग्नाला पुण्याला जाऊन येतात. यातल्या प्रत्येक गोष्टीचा फाइलशी संबंध असतो. इथल्या मराठी कुटुंबांना हे कागद लावायला मी मदत करते. मी वकील नाही. जिथे वकिलाशिवाय पाऊल टाकू नये, ती ठिकाणं त्या त्या जागी सांगितली आहेत.

आपली रांग कोणती, हेच माहीत नसणं

"तुमचं किती महिन्यांत झालं?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि उत्तर ऐकून घाबरतो. पण समोरच्याची रांग आणि तुमची रांग एकच असेल असं नाही. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तुम्ही निकटचे नातेवाईक ठरता. या वर्गाला वार्षिक मर्यादा नाही, वेळ लागतो तो फक्त फाइल तपासायला. जोडीदाराकडे ग्रीन कार्डच असेल तर तुमचा वर्ग एफ-2ए. तिथे दरवर्षी ठरावीकच व्हिसा निघतात, म्हणून परराष्ट्र खात्याच्या दरमहा निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनवर लक्ष ठेवावं लागतं. नोकरीच्या ईबी-2 आणि ईबी-3 मधली भारतीयांची जी भलीमोठी रांग सगळ्यांना ठाऊक आहे, तिचा या दोन्हींशी संबंध नाही.

एफ-2ए मधल्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. रीतसर तपासणी होऊन देशात आलेल्या नागरिकाच्या जोडीदाराला व्हिसाची मुदत उलटल्याबद्दल जी सूट मिळते, ती तुम्हाला नाही. अमेरिकेत असाल तर आपला दर्जा शेवटपर्यंत सांभाळावा लागतो.

वाट बघता बघता जोडीदार नागरिक झाला तर आनंदाच्या भरात दोन गोष्टी हमखास राहून जातात. पहिली, नागरिकत्व प्रमाणपत्राची प्रत पाठवून वर्ग बदलून घेणं. ते न कळवता बसलात तर फाइल जुन्याच रांगेत पडून राहू शकते. दुसरी गोष्ट मुलांची. एफ-2ए मध्ये आईच्या अर्जाबरोबर मूलही येतं, पण निकटच्या नातेवाइकाच्या वर्गात तशी सोय नाही. तिथे प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-130, म्हणजे नातेवाइकासाठीचा अर्ज, भरावा लागतो.

जोडीदार भारतातच असेल तर आय-130 मंजूर झाल्यावर फाइल परराष्ट्र खात्याच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. त्यांच्या सूचनेला वर्षभर काहीच प्रतिसाद दिला नाही, तर नोंदणी रद्द होऊ शकते. "व्हिसा होईल तेव्हा होईल, आधी तिची एमडी होऊ दे" असं म्हणून गप्प बसू नका. थांबायचंच असेल तर निदान संपर्क ठेवा.

नावांचा घोळ

मराठी घरांतल्या फायलींमध्ये सगळ्यात जास्त अडचण मी इथेच पाहिली आहे. आपल्याकडे मधलं नाव आधी वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं. काही घरांत लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलतात. समजा, शाळेच्या दाखल्यावर "सुप्रिया वसंत जोशी" आहे, विवाह नोंदणीत "सई निखिल देशपांडे" झालं, पासपोर्ट अजून माहेरच्या नावाचा आहे, आणि जन्मदाखल्यावर नुसतंच "स्त्री", नावाचा रकाना कोरा. आपल्या दृष्टीने ही एकच मुलगी. तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मात्र तीन व्यक्ती उभ्या राहतात.

यावर उपाय आहेत. अर्जात "वापरलेली इतर नावं" असा रकाना असतो. तो लाजून रिकामा सोडू नका. माहेरचं, सासरचं, बदललेलं, चुकीच्या स्पेलिंगचं, सगळी नावं तिथे लिहा. दीक्षित किंवा चौधरी यांसारखं आडनाव इंग्रजीत वेगवेगळ्या कागदांवर वेगवेगळं लिहिलेलं असतं. तीही सगळी रूपं लिहा. जन्मदाखल्यावर नाव नसेल तर ज्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंद आहे, तिथे अर्ज करून नाव घालून घेता येतं. जन्माची नोंदच नसेल तर नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्या आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला, घरातल्या मोठ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा. नुसतं प्रतिज्ञापत्र पाठवलं तर आधी तो दाखला मागतात.

लग्नाचा पुरावा म्हणून मंगल कार्यालयाची पावती, पत्रिका किंवा गुरुजींचं पत्र चालत नाही. महाराष्ट्रात 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याखाली मिळणारं नमुना 'ई'चं प्रमाणपत्र किंवा विशेष विवाह कायद्याखालचं प्रमाणपत्र लागतं. त्यावरचा मजकूर मराठीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडा, शिक्क्यांवरच्या मजकुरासकट. भाषांतर करणाऱ्याने "मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे" असं लिहून सही करायची असते. त्यासाठी सरकारमान्य अनुवादक लागत नाही, पण शक्यतो अर्जदाराने किंवा जोडीदाराने ते स्वतः करू नये.

पाकीटच परत येणं

28 ऑक्टोबर 2025 नंतर यूएससीआयएस, म्हणजे हे अर्ज तपासणारं अमेरिकेचं सरकारी खातं, कागदी अर्जांबरोबर चेक किंवा मनी ऑर्डर घेत नाही, मोजके अपवाद सोडले तर. कार्डाने भरायचं असेल तर जी-1450, बँक खात्यातून भरायचं असेल तर जी-1650 जोडायचा. 2 डिसेंबर 2024 पासून आय-485 या अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मागायच्या अर्जाबरोबरच वैद्यकीय तपासणीचा आय-693 लागतो, मागाहून देऊ म्हणून चालत नाही. फॉर्मच्या प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीची तारीख असते, तीही पाठवायच्या दिवशी पुन्हा ताडून बघा.

आर्थिक हमीच्या आय-864 बद्दल थोडंसं. हमीदाराचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या 125 टक्के लागतं. कमी पडलं तर संयुक्त हमीदार अमेरिकेत राहणारा नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकच हवा. सांगलीतल्या सासऱ्यांच्या मुदत ठेवी इथे कामाला येत नाहीत.

पत्ता आणि प्रवास

घर बदललं की 10 दिवसांच्या आत यूएससीआयएसला कळवायचं, ऑनलाइन खात्यातून किंवा एआर-11 भरून. पोस्टाला पत्ता बदल सांगणं पुरेसं नाही, कारण या खात्याची काही पत्रं पोस्ट पुढे पाठवतच नाही. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे अपार्टमेंटच्या पत्रपेटीवरची पट्टी. तिथे फक्त नवऱ्याचं आडनाव आणि कार्ड येतंय बायकोच्या माहेरच्या आडनावाने, मग पोस्टमन ते परत पाठवतो. पट्टीवर दोन्ही आडनावं लिहा. आय-864 वर सही करणाऱ्याने स्वतःचं घर बदललं तर त्याला 30 दिवसांत आय-865 भरावा लागतो. हे फार थोड्या जणांना माहीत असतं.

प्रवासाची चूक सगळ्यांत महाग पडते. आय-485 प्रलंबित असताना ॲडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, हातात नसताना देशाबाहेर पडलात, तर अर्ज सोडून दिला असं धरतात. एच-1बी, एच-4, एल-1, एल-2 या नोकरीच्या आणि नोकरदारांच्या कुटुंबीयांच्या व्हिसांवर असणाऱ्यांना यातून सूट आहे, पण त्यांचा तो दर्जा टिकलेला असला पाहिजे आणि परतताना त्याचाच वैध व्हिसा हवा. एच-1बी असलेल्याने मध्येच वर्क परमिटवर दुसरी नोकरी धरली, तर ही सूट गेली. ॲडव्हान्स पॅरोलचा अर्ज नुसता केलेला असून भागत नाही, मंजूर कागद लागतो. गावाकडे वडील अत्यवस्थ आहेत असा फोन आला तर तिकीट काढायच्या आधी जवळच्या फील्ड ऑफिसची वेळ घ्या. डॉक्टरांचं पत्र दाखवून तातडीचा पॅरोल मागता येतो. अशा वेळी घरच्यांचा दबाव किती असतो ते मी जाणते, म्हणूनच हा कागद वेळेत मागून ठेवा असं प्रत्येकाला सांगते.

वर्क परमिटचंही तसंच. 30 ऑक्टोबर 2025 पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना जुन्या कार्डाची आपोआप मुदतवाढ मिळत नाही. मुदत संपायला 180 दिवस उरले की लगेच अर्ज करा.

पुरावे गोळा करणं थांबवणं

लग्नाचा अल्बम दिला की लग्न खरं असल्याचं सिद्ध झालं, हा गैरसमज आहे. अधिकाऱ्याला हवा असतो एकत्र संसाराचा कागद. घरभाडं, बँक खातं, गाडीचा आणि आरोग्याचा विमा सगळं नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असणं आपल्याकडे नेहमीचं आहे. त्यात फसवणूक काही नसते, पण फाइल कोरी दिसते. अर्ज प्रलंबित असतानाच भाडेकरारावर दुसरं नाव घाला, संयुक्त खातं उघडा, विम्यात जोडीदाराला घ्या. त्या खात्यातून किराणा आणि विजेचं बिल खरोखर जाऊ द्या. पन्नास डॉलर टाकून उघडलेलं निजलेलं खातं लगेच ओळखू येतं.

करपत्र भरताना लग्न झालेलं असूनही "अविवाहित" लिहिलं असेल, तर मुलाखतीआधी ते दुरुस्त करून घ्या. एकीकडे लग्नाचा दावा आणि दुसरीकडे आपल्याच सहीने अविवाहित असल्याचा कागद, याचं उत्तर देणं अवघड जातं.

जास्तीचे पुरावे मागणारं पत्र आलं तर सगळे कागद एकाच वेळी पाठवा. अर्धे आत्ता, उरलेले पुढच्या आठवड्यात असं चालत नाही. पहिलं पाकीट मिळालं की तेवढ्यावरच निर्णय होतो.

दोन वर्षांचं कार्ड आणि नव्वद दिवसांचा हिशेब

ग्रीन कार्ड मिळालं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड सशर्त, दोन वर्षांचं मिळतं. भारतातून व्हिसा घेऊन येणाऱ्यांसाठी मोजणी व्हिसाच्या तारखेवर नसते, अमेरिकेत पाऊल ठेवल्याच्या तारखेवर असते. त्यामुळे लग्नाचा दुसरा वाढदिवस चार दिवसांवर असेल आणि व्हिसाची मुदत बाकी असेल, तर विमान चार-पाच दिवस पुढे ढकला. पूर्ण दहा वर्षांचं कार्ड मिळेल आणि कार्डावरची अट काढून घेण्याच्या अर्जाची, म्हणजे आय-751 ची, सगळी यातायात वाचेल.

सशर्त कार्ड असेल तर मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत दोघांनी मिळून आय-751 भरायचा. यात माणसं "तीन महिने" असं धरून चालतात. कार्ड 14 सप्टेंबर 2026 ला संपत असेल तर तीन महिने आधी म्हणजे 14 जून. पण नव्वद दिवस मोजले तर खिडकी उघडते 16 जूनला. 14 तारखेला पोचलेलं पाकीट परत येतं. अर्ज स्वीकारला गेला की पावतीच्या पत्राने कार्डाची मुदत 48 महिने वाढते. ते मूळ पत्र जपून ठेवा, प्रवासात आणि नोकरीत कार्डाबरोबर तेच दाखवायचं असतं.

लग्न बिघडलं तर गप्प बसणं

या दोन वर्षांत संसार मोडला तर ग्रीन कार्ड गेलंच, असं बायकांना सांगितलं जातं. ते खरं नाही. घटस्फोट झाला असेल, मारहाण किंवा छळ होत असेल, तर जोडीदाराच्या सहीशिवाय एकटीने आय-751 भरता येतो. ग्रीन कार्ड अजून मिळालेलं नसेल आणि छळ होत असेल, तर आय-360 हा अर्ज जोडीदाराशिवाय स्वतःच्या नावाने भरता येतो, पुरुषांनाही. त्याची माहिती नवऱ्याला कळवली जात नाही, कायद्यानेच तशी गुप्तता दिलेली आहे. "तुझे कागद माझ्या हातात आहेत" ही धमकी मी फार ऐकली आहे. अशा वेळी पहिला फोन वकिलाला करा, किंवा दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी 1985 पासून काम करणाऱ्या न्यू जर्सीतल्या 'मानवी'सारख्या संस्थेला. पासपोर्ट, आय-94 (देशात आल्याची नोंद) आणि पावत्यांचे फोटो विश्वासातल्या मैत्रिणीकडे पाठवून ठेवा.

विचारपूस केव्हा करायची

यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर दिसणारा कालावधी म्हणजे 80 टक्के अर्ज ज्या वेळेत निकाली निघाले तो काळ. तो उलटायच्या आत दर आठवड्याला चौकशी टाकून काहीही हलत नाही. तिथेच पावतीची तारीख टाकली की चौकशी कधी करता येईल ते दिसतं. ती तारीख उलटल्यावर ऑनलाइन चौकशी करा. त्यानेही जमलं नाही तर आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाला पत्र द्या. तिथे मदत मागायला नागरिक असावं लागत नाही. नागरिकत्वाची मुलाखत होऊन 120 दिवस उलटले आणि निर्णय नसेल, तर फेडरल जिल्हा न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी वकील लागेल.

नागरिकत्वाच्या वाटेवर

नागरिकाशी लग्न झालेल्यांना पाचऐवजी तीन वर्षांनी अर्ज करता येतो, पण मोजणी कार्डावरच्या "रेसिडेंट सिन्स" तारखेपासून होते. लग्नाची किंवा वर्क परमिटची तारीख इथे लागू नाही. त्या तीन वर्षांत जोडीदार नागरिक असायला हवा, दोघं एकत्र राहत असायला हवेत, आणि तुम्ही स्वतः निम्मा काळ, म्हणजे 548 दिवस, देशात असायला हवं. एकाच खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्याचा प्रश्न उभा राहतो. आई-वडिलांच्या आजारपणासाठी भारतात राहावं लागलं तर इथलं घर, कर आणि नोकरी चालू असल्याचे कागद सांभाळा. आय-751 प्रलंबित असला तरी एन-400, म्हणजे नागरिकत्वाचा अर्ज, भरता येतो, मात्र आधी आय-751 चा निकाल लागतो. 20 ऑक्टोबर 2025 पासून भरलेल्या अर्जांना नवी परीक्षा आहे: 128 प्रश्नांच्या यादीतून 20 पर्यंत विचारतात, 12 बरोबर यावे लागतात.

एक चूक मात्र सहसा सुधारता येत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स काढताना समोरचा कारकून मतदार नोंदणीचं विचारतो आणि माणूस घाईत "हो" म्हणून सही करतो. नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं हा नागरिकत्वाचा खोटा दावा ठरू शकतो आणि त्यापायी ग्रीन कार्डही जाऊ शकतं. असं घडलं असेल तर एन-400 भरायच्या आधी वकील गाठा.

शपथ झाली की 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 9 प्रमाणे भारतीय नागरिकत्व संपतं. त्या दिवसानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करणं गुन्हा आहे, त्यामुळे तो जमा करून भारतीय नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घेणं आणि ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड) काढणं याला लागणारा वेळ धरूनच पुढची तिकिटं काढा. ओसीआय कार्डावर फ्लॅट घेता येतो, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. गावी जमीन असेल आणि सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली असेल, तर ते काम शपथेच्या आधीच्या भारतभेटीत तलाठ्याकडे उरकून घ्या.