नववी-दहावीत क्षमताधिष्ठित आणि प्रगत अभ्यासाची आखणी कशी करावी

पाठांतराऐवजी आकलन आणि उपयोजन तपासले जावे, तसेच गणितापासून सुरुवात करून विषय सामान्य व उच्च अशा दोन स्तरांवर शिकता यावेत, ही दिशा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने दिली आहे. ठाणे-नवी मुंबईतील पालकांनी तिचा लाभ आपोआप मिळेल असे गृहीत न धरता नववीच्या प्रारंभीच शाळेशी बोलावे, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या पालकसभेत घटक चाचणीची प्रश्नपत्रिका मागून घ्यावी. सीबीएसईने २०२४-२५ पासून नववी ते बारावीच्या वार्षिक परीक्षांत निम्मे प्रश्न क्षमताधिष्ठित, म्हणजे आकलन व उपयोजन तपासणारे, ठेवले आहेत. चाचण्यांत ते दिसत नसतील, तर मुख्याध्यापकांना लेखी विचारावे.

असा प्रश्न ओळखणे अवघड नाही. ‘४ × ३ × २ मीटर टाकीचे घनफळ काढा’ यात केवळ सूत्र लागते. याउलट, ‘सोसायटीत १६० रहिवासी आहेत, माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते, आणि शुक्रवारपासून पुरवठा ३६ तास बंद राहणार आहे, ही टाकी भरलेली असली तर पाणी पुरेल का?’ या प्रश्नात टाकीतील २४,००० लिटरची तुलना ३२,४०० लिटरच्या गरजेशी करून निर्णय घ्यावा लागतो. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांकडूनही असे प्रश्न घरी सोडवून घ्यावेत. पाठ्यपुस्तकातील उदाहरणात घरचे आकडे घातले तरी पुरते.

सीबीएसईच्या दहावीत गणिताचे स्टँडर्ड (वरच्या स्तराचा) आणि बेसिक (सोपा) असे पर्याय आहेत. अकरावीत गणित घ्यायचे असेल, तर स्टँडर्डच निवडावे.

शाळेबाहेरच्या प्रगत अभ्यासासाठी ऑलिम्पियाडचा, म्हणजे गणित-विज्ञानाच्या स्पर्धा परीक्षांचा, मार्ग मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे राष्ट्रीय केंद्र, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, वाशीच्या खाडीपलीकडे मानखुर्दला आहे आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. पहिल्या टप्प्याची विज्ञान परीक्षा साधारणतः नोव्हेंबरमध्ये होत असल्याने नोंदणीची चौकशी शाळा उघडताच करावी. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावर एनसीईआरटीचे अकरावी-बारावीचे अभ्यासक्रमही आहेत. मात्र पुढच्या इयत्तेचा भाग लवकर उरकणे म्हणजे प्रगत अभ्यास नव्हे, म्हणून मुलाने चालू इयत्तेतील धडा स्वतःच्या शब्दांत समजावून सांगितल्यानंतरच त्या अभ्यासक्रमांकडे वळावे.