स्कॉटलंडमधील हरणशिकारीची जुनी छायाचित्रे : नोंद करताना या चुका टाळा

हायलँड्स या स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या इस्टेटींवर टिपलेल्या पहिल्यावहिल्या शिकार-छायाचित्रांची मराठीत नोंद करताना घोटाळा बहुधा प्राण्याच्या नावापासूनच सुरू होतो. चित्रातल्या नराला ‘काळवीट’ म्हणू नये. काळविटाची शिंगे पिळदार, फाटे नसलेली आणि कायमची असतात, तर हा तांबडा हरीण आपल्या सांबराच्या जवळचा असून त्याची फाटे फुटलेली शिंगे दर वसंतात गळून पडतात. शिंगांवर मखमली त्वचा दिसत असेल, तर ते छायाचित्र शरदातल्या ऐन शिकारीचे नसून त्याआधीचे असते. बारा फाट्यांच्या नराला तिकडे ‘रॉयल’ म्हणतात, मात्र बाजूने घेतलेल्या चित्रात फाटे एकमेकांआड जातात. म्हणून केवळ त्यावरून आकडा लिहून मोकळे होऊ नये.

सर्वांत महागात पडणारी चूक डाव्या-उजव्याची आहे. होरेशियो रॉस (१८०१–१८८६) हा नेमबाज जमीनदार १८४० च्या दशकात डॅगेरोटाइप घेत असे आणि चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटणारे हे चित्र सहसा आरशातल्यासारखे उलटे असते. त्यामुळे मोडका फाटा डावा की उजवा हे ठरवण्यापूर्वी शेजारच्या बंदुकीचा घोडा (बार उडवणारी हातोडी) पाहावा. तो एरवी उजव्या अंगाला असतो, तो डावीकडे दिसला तर चित्र उलटे आहे असे समजावे. कागदी किंवा काचेच्या निगेटिव्हवरून काढलेल्या प्रतीत हा दोष सहसा नसतो.

हरणाचे अंग फार काळे दिसते म्हणून संगणकावर उजळपणा वाढवणे हाही उतावीळपणाच. त्या काळची रसायने निळ्या प्रकाशाला चटकन दाद देत, तांबड्याला मात्र जवळजवळ देतच नसत. साहजिकच तांबूस कातडी काळी आणि आकाश कोरे पांढरे उमटे. तट्टाचे डोके धूसर आणि त्याच्या पाठीवरचे हरीण मात्र रेखीव, याचे कारणही साधे आहे : चित्र उमटायला लागणाऱ्या लांब वेळात मेलेले जनावर हलत नाही. जिवंत भासणाऱ्या हरणावर म्हणूनच जरा संशय घ्यावा. वेल्समध्ये छायाचित्रकार जॉन डिल्विन ल्युएलिन यांनी १८५० च्या दशकात पेंढा भरलेली हरणे रानात उभी करून अशी दृश्ये टिपली होती.

डॅगेरोटाइपच्या कडेला निळसर-तपकिरी डाग दिसले तरी काच उघडून फडका फिरवू नये, कारण प्रतिमा पत्र्याच्या पृष्ठभागावरच असते आणि डागाबरोबर तीही पुसली जाते.