इटलीतली स्टेडियम बघायचीत? आधी पासपोर्टावरचं नाव नीट वाचा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाहुणा म्युनिकला माझ्याकडे उतरतो आणि जेवता जेवता हळूच विषय काढतो, की इटली एवढी जवळ आहे तर एखादी फुटबॉल मॅच बघून येऊ का, रोमचं कोलोसियम पण होऊन जाईल. अशा बऱ्याच टोळ्या मी आल्प्सपलीकडे नेऊन आणल्यात. प्रत्येकाकडे युट्यूबवरून गोळा केलेलं ज्ञान असतंच, तिकीट काय दारात मिळतं, चारही एकाच नावावर काढ रे कोण बघतंय. हे सल्ले देणारा मला एकदा भेटायला हवाय.

व्हिसा, विमान, हॉटेल तुमचं तुम्ही बघा, त्यावर मी काही लिहीत नाही.

पहिलं काम तारखेचं. सेरी आ, म्हणजे इटलीची सगळ्यात वरची फुटबॉल लीग, तिचं वेळापत्रक उन्हाळ्यात लागतं पण त्यातला वीकेंड तेवढा धरायचा, मॅच शुक्रवारी की शनिवारी की थेट सोमवारी रात्री हे टीव्हीच्या सोयीने नंतर ठरतं. त्यामुळे रविवारची मॅच धरून रविवारी रात्रीची परतीची फ्लाइट काढणाऱ्यांनी माझ्याकडे रडायला येऊ नये. शुक्रवार ते मंगळवार सकाळ मोकळी ठेवा, मॅच नाही त्या दिवशी जुनी मैदानं बघा.

मैदान कुठलं? माझं मत विचाराल तर आधी मिलानचं सान सिरो. 1926 चं मैदान, 1990 च्या वर्ल्ड कपसाठी त्यावर तिसरा मजला चढवला, बाहेरून 11 गोल काँक्रीटचे मनोरे आणि वर लाल गर्डरवरचं छत. त्या छतामुळे खालच्या गवताला ऊन मिळेना आणि पुढची कित्येक वर्षं गवत मरत राहिलं. 2025 मध्ये तिथे खेळणाऱ्या एसी मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांनी ते महापालिकेकडून विकत घ्यायचं नक्की केलं आणि शेजारी नवीन बांधायचा बेत आहे, तेव्हा हे आधी बघून घ्या. रोमचं ओलिंपिको मोठं आहे पण मधे धावण्याचा ट्रॅक, गोलच्या मागे खालच्या रांगेत बसलात तर पलीकडचा गोल लोकांच्या ओरडण्यावरून कळतो. तुरीनला युव्हेंटसचं 2011 चं मैदान सगळ्यात सोयीचं, दिसतं पण छान, मला मात्र तिथे मॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं.

एकाच ट्रिपमध्ये जुनं-नवं दोन्ही हवं असेल तर नेपल्स. माराडोना स्टेडियम मेट्रो लाइन 2 च्या काम्पी फ्लेग्रेई स्टेशनजवळ, आणि तीच लाइन पुढे पोत्सुओलीला जाते जिथल्या रोमन अँफिथिएटरचं, म्हणजे खेळांच्या गोल उघड्या प्रेक्षागृहाचं, तळघर कोलोसियमपेक्षा चांगलं टिकलंय आणि गर्दी नाही. दुसऱ्या दिवशी पाँपेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. इथलं अँफिथिएटर कोलोसियमहून जवळपास दीडशे वर्षं जुनं, आणि इ.स. 59 मध्ये इथे पाँपेईवाले आणि शेजारच्या नुचेरियाचे पाहुणे प्रेक्षक यांच्यात अशी मारामारी झाली की रोमने तिथल्या खेळांवर 10 वर्षांची बंदी घातली. त्या दंगलीचं भिंतीवरचं चित्र नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे. आमच्या कोल्हापूरच्या मामांनी ते बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे शाहू स्टेडियमसारखंच की!" पेठापेठांच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाला वेगळं काही समजवावं लागत नाही.

आता तिकीट, इथेच सगळे अडकतात. मी पण अडकलोय.

इटलीत फुटबॉलचं तिकीट माणसाच्या नावावर असतं. खुर्ची तुमची आहे म्हणून कुणीही जाऊन बसेल असं नाही. मॅचमधल्या हाणामाऱ्यांना आळा घालायला 2005 पासून हा नियम कडक झाला. प्रत्येक तिकिटावर नाव, आडनाव, जन्मतारीख जाते आणि गेटवर ते ओळखपत्राशी जुळवून बघतात. पहिल्या खेपेला मी शहाणपणा करून चार तिकिटं माझ्याच नावावर काढली होती. कुठलं मैदान ते सांगत नाही. गेटवरच्या पोराने माझा पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, आत सोडलं, मग मावसभावाचं तिकीट घेतलं, त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दोघांच्या मधे हात आडवा केला. तिघं बाहेर. नाव बदलायची खिडकी स्टेडियमच्या दुसऱ्या टोकाला, तिथे रांग, मी आत एकटा खुर्चीवर आणि हे तिघं भिंतीबाहेर. पहिला गोल त्यांनी आवाजाने ओळखला. मावसभाऊ अजून लग्नकार्यात हा किस्सा सांगतो, दर वेळी मी थोडा जास्त मूर्ख ठरतो.

तर नीट ऐका. फॉर्ममध्ये नोमे म्हणजे नाव, कोन्योमे म्हणजे आडनाव, बरेच जण घाईत उलटं भरतात. आपल्याकडे पासपोर्टात नावाच्या रकान्यात बहुतेकदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, ते जसं छापलंय तसंच्या तसं टाइप करा, बँकेत कसं आहे, फेसबुकवर कसं आहे ते विसरा. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर तिकीट माहेरच्या नावाने काढायचं, आमच्या वहिनी यावरून चिडल्या होत्या पण गेटवरचा माणूस सासर-माहेर बघत नाही. जन्मगावाच्या रकान्यात इटलीतल्या गावांचीच यादी उघडली तर घाबरू नका, परदेश असा पर्याय शोधून भारत निवडा. मुलांचंही तिकीट मुलांच्याच नावाने. आणि मूळ पासपोर्ट सोबत न्या, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

तिकीट क्लबच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. रीसेलवाल्या साइटवरून महागात घेतलेलं तिकीट भलत्याच कुणा इटालियन माणसाच्या नावाने येतं, मग नाव बदलता येतं का बघत बसा, बऱ्याच तिकिटांचं येतं, स्वस्तातल्या काहींचं येत नाही. दोन शेजारच्या शहरांची खुन्नस असलेली मॅच असेल तर कुठल्या भागात राहणाऱ्याला तिकीट द्यायचं यावरही बंधनं लागतात, ते पैसे भरायच्या आधी वाचा.

सीट कुठली घ्यायची? गोलमागची गॅलरी, म्हणजे कुर्वा, स्वस्त पण ती अल्ट्रांची म्हणजे क्लबच्या कट्टर पाठीराख्यांची, तिथे सीट नंबरला कुणी विचारत नाही, सगळे उभे, आणि त्यांच्यावर मोबाइल रोखून शूटिंग केलेलं त्यांना अजिबात चालत नाही. कुटुंबाला घेऊन बाजूच्या ट्रिब्यूनात, म्हणजे मैदानाच्या लांब बाजूच्या गॅलरीत, बसा. समोरच्या टीमचा स्कार्फ घालून मिरवायची हौस घरी ठेवा.

मॅचच्या दिवशी दीड तास आधी पोचा, मोठी बॅग नको, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात. मावशीचा दशम्यांचा स्टीलचा डबा एकदा गेटवरच ठेवावा लागला होता, तेव्हापासून आम्ही कागदात बांधून नेतो.

तिकिटावर चार शब्द बघायचे, सेत्तोरे म्हणजे विभाग, इन्ग्रेसो म्हणजे गेट, फिला म्हणजे रांग, पोस्तो म्हणजे खुर्ची. ही पद्धत जुनीच. कोलोसियमला 80 कमानी होत्या, 76 वर रोमन आकडे कोरलेले, प्रेक्षकाने आपल्या नंबरच्या कमानीतून आत जायचं. उत्तरेकडच्या भिंतीवर मान वर करून बघा, आकडे अजून दिसतात. आणि हो, कोलोसियमचं तिकीटसुद्धा आता नावावर असतं, महिनाभर आधी ऑनलाइन सुटतं. तळघराचं वेगळं काढावं लागतं, तेच आधी संपतं.

व्हेरोना सोपं आहे. आमच्याकडून थेट ट्रेन. तिथला अरेना म्हणजे पहिल्या शतकातलं रोमन अँफिथिएटर, 1117 च्या भूकंपात बाहेरची भिंत पडली, चार कमानी तेवढ्या उभ्या आहेत. 1913 पासून तिथे उन्हाळ्यात ऑपेरा होतो. वरच्या दगडी पायऱ्यांवरचं तिकीट घेतलंत तर उशी भाड्याने घ्याच, दगड दिवसभर तापलेला असतो आणि कार्यक्रम मध्यरात्र ओलांडतो. एकदा सुरू झाला की मधे पाऊस आला तरी पैसे परत नाहीत.

सान सिरोहून परतताना सगळी गर्दी समोरच्या मेट्रोवर तुटून पडते. तिकडे जाऊच नका, सरळ वीसेक मिनिटं चालत लोत्तो स्टेशन गाठा, वाटेत गाड्यांवर पाव भाजत असतो. शाकाहारी असाल तर मिरची-चीजचा मागा, आणि सॉसेज भाजलेल्या तव्यावरच तुमचा पाव टाकत नाहीत ना एवढं बघा.