वजूच्या नळापासून सुरुवात करा: मुंब्र्यातल्या नव्या शिक्षकांसाठी

मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी भागातल्या शाळांत दीनियात (इस्लामी धर्मशिक्षण) किंवा मूल्यशिक्षणाचा तास नव्याने हाती आला की पहिली चूक बहुतेकांची एकच होते. फळ्यावर आयत (कुराणातलं वचन), खाली अर्थ, आणि घरी ‘पाणी वाचवा’चं चित्र. पण ‘खा, प्या, उधळपट्टी करू नका’ ही सूरह आराफमधली 31वी आयत बऱ्याच मुलांनी मकतबमध्ये (मुलांच्या धार्मिक शिकवणीत) ऐकलेली असते. त्यांच्याकडे नसतं ते माप. म्हणून वजूला (नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं) किती पाणी जातं ते आधी मोजू द्या, आयत नंतर.

त्याआधी कायद्याचं पाहून घ्या. संविधानाच्या कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. तिथे हाच पाठ निव्वळ पाण्याचा म्हणून घ्या. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांची संमती लागते. ती लेखी घ्या, तोंडी होकारावर विसंबू नका.

आता वजू. नळाखाली मोठा टब ठेवा, एका मुलाला रोजच्यासारखी वजू करू द्या आणि टबातलं पाणी लिटरच्या बाटलीने मोजा. नळातून दहा सेकंदांत एक लिटर पडत असेल, तर दोन मिनिटांत बारा लिटर होतात. मग पुन्हा करायला लावा आणि दोघांना नुसतं नळाकडे बघत बसवा. बाही वर करताना, मोजे काढताना, डोक्याचा मसह करताना (ओला हात फिरवताना) नळ सुरूच असतो. पाणी वाया जातं ते इथे, अवयव धुताना नव्हे. मुलांनी हे स्वतः पकडलं की इसराफ (उधळपट्टी) हा शब्द सांगा. त्याआधी सांगितलात तर तो परीक्षेपुरता राहतो.

पैगंबर एका मुद्द (जुनं माप) पाण्यात वजू करत, ही हदीस (पैगंबरांच्या उक्ती-कृतीची नोंद) बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. मात्र बाटलीवर खूण करताना सांभाळा. वर्गात कोकणी मुलं शाफई आणि इतर बरीच हनफी असतील (हे धर्मनियमांचे दोन संप्रदाय). शाफई हिशेबाने मुद्द पाऊण लिटरच्या आत, हनफी हिशेबाने एक लिटरच्या आसपास. दोन्ही खुणा करा, वाद मिटतो. वाहत्या नदीवरही पाणी उधळू नका, ही इब्न माजाच्या संग्रहातली हदीस फार लोकप्रिय आहे, पण तिची सनद (सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर मानली जाते. सांगायची तर तेही सांगा, नाहीतर एखाद्या आलिम (धर्मशास्त्र शिकलेल्या) पालकापुढे तुमचा सगळा पाठ पडेल.

पहिल्याच दिवशी एका लिटरचा हट्ट नको. टोटीचा बधना (तोटी असलेला लोटा) दिला तर बाराचे तीन-चार लिटर सहज होतात. आणि जास्त पाण्याने वजू तुटते असं चुकूनही म्हणू नका. ती मकरूह (नापसंत) ठरते, पण होते. धास्तावलेली मुलं उलट पुन्हापुन्हा हातपाय धुतात.

ज्यांच्या घरी पाणी हंड्याने किंवा टँकरने येतं, त्या मुलांना काटकसर शिकवायला जाऊ नका. त्यांनाच बाकीच्यांना दाखवू द्या. ती हे काम कुठल्याही शिक्षकापेक्षा चांगलं करतात.

झाडांचं थोडक्यात. लावलेल्या झाडाचं माणसाने, पक्ष्याने, जनावराने खाल्लं तर तो सदका (दान), ही हदीस घेणार असाल तर जांभूळ, आवळा असं फळझाड लावा. जुलैत लावलेलं रोप मे महिन्याच्या सुट्टीत वाळतं. पाण्याची पाळी आधी ठरवा. खाडीकाठच्या खारफुटीत वनविभागाला विचारल्याशिवाय मुलांना नेऊ नका.

नियोजनाच्या वहीत हे 2015च्या शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी सहाव्या (पाणी) आणि बाराव्या (जबाबदार उपभोग) उद्दिष्टाखाली नोंदवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा गेल्या वर्षीची तारीख उतरवून घेऊ नका.

शेवटचा पाठ अमानतीचा, म्हणजे आपल्यावर सोपवलेली वस्तू जपण्याचा. वजूखान्यातल्या गळक्या नळाखाली रात्रभर बादली ठेवा. सकाळचा आकडा मुलांनी अर्जात लिहावा, सह्या करून मुख्याध्यापकांना द्यावा. प्लंबर वायसर बदलायला येईल तेव्हा वर्गाला तिथे उभं करा, आणि त्या रात्री पुन्हा बादली ठेवा.