कमी फीच्या केंद्रात समुपदेशन सुरू कसं करावं

पुण्या-मुंबईत खासगी समुपदेशकाची एका भेटीची फी हजार-दोन हजारांच्या घरात गेली आहे. महिन्याला चार भेटी म्हटल्या की माणूस मनातल्या मनात घरभाडं, मुलांची फी मांडतो आणि "बघू पुढे" म्हणून विषय सोडून देतो. खूप जणांचं नुकसान इथेच होतं. नीट शिकलेल्या माणसाकडून कमी फीत किंवा मोफत मदत मिळण्याच्या जागा आहेत. तिथे शिरायचं कसं, काय विचारायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी तातडीचं. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. धोका अगदी समोर असेल तर कुणाला तरी सोबत घेऊन जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा. पोलीस केसच्या भीतीने लोक आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि तिच्यावर उपचार करणं ही सरकारची जबाबदारी ठरते.

जागा कुठे शोधायची

पहिली जागा जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं 'सिव्हिल'. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने पसरला, त्यामुळे तिथे मनोविकार ओपीडी असते. केस पेपर काढताना "मनोविकार विभागात दाखवायचंय" एवढं म्हटलं की पुरतं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभाग आहेत. तिथे गेलं म्हणजे भरती करून घेतात, ही भीती मनातून काढून टाका. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टर औषधं लिहून देतात, पण तासभर बोलायला वेळ मिळेलच असं नाही. सविस्तर बोलायचं असेल तर स्वयंसेवी संस्था पाहा. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था अनेकांना परिचित आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा फोनवरून समुपदेशन देते, म्हणजे गावात केंद्र नसलं तरी अडत नाही. तुमच्या जवळच्या विद्यापीठात किंवा महाविद्यालयात मानसशास्त्र विभाग असेल तर तिथेही चौकशी करा. काही ठिकाणी एम.ए.चे विद्यार्थी अनुभवी शिक्षकांच्या देखरेखीखाली अगदी थोड्या फीत समुपदेशन करतात.

"शिकाऊ माणूस माझं काय ऐकणार?" हा प्रश्न येतोच. याबाबत गोव्यातलं काम मला फार आश्वासक वाटतं. 'संगाथ' या संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट प्रशिक्षण दिलं. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी साधारण सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीने काम केलं. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांपेक्षा या रुग्णांमध्ये अधिक सुधारणा दिसली. हा अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा "तुम्ही शिकाऊ आहात का" याहून मोलाचा प्रश्न आहे, "तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?" त्याचं उत्तर सरळ मिळालं पाहिजे.

फोनवर काय विचारायचं

घरात सगळ्यांसमोर हा फोन होत नाही. गच्चीवर जा, नाहीतर ऑफिस सुटल्यावर रस्त्यात करा. पलीकडच्या माणसाला तुमची सगळी कहाणी नको असते. "मला समुपदेशनासाठी नाव नोंदवायचंय" हे एक वाक्य बस. मग फी किती, उत्पन्नानुसार सवलत आहे का, वेटिंग किती आठवड्यांचं आहे, मराठीत बोलणारं कुणी आहे का, संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मिळेल का, हे विचारा. शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका. रोजंदारीवरच्या माणसाला फीपेक्षा खाडा महाग पडतो.

सवलत मागताना आढेवेढे घेऊ नका. "मला भेटीला दोनशेच्या वर परवडणार नाही, काही होऊ शकेल का?" असा नेमका आकडा सांगा. ही केंद्रं त्यासाठीच असतात. वेटिंग मोठं असेल तर नाव नोंदवाच, शिवाय कुणाची वेळ रद्द झाली तर कळवा म्हणून सांगून ठेवा.

फॉर्म

पहिल्या दिवशी फॉर्म भरून घेतात. नाव, वय, घरात कोण कोण, झोप, भूक, सुरू असलेली औषधं. मग येते 'येण्याचं कारण' ही ओळ. इथे बहुतेक जण "टेन्शन" लिहून मोकळे होतात. त्यातून समोरच्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "दिवाळीपासून रात्री दोनला जाग येते, मग झोप नाही. कामावर निघताना छातीत धडधडतं. मुलांवर विनाकारण ओरडते." तीन वाक्यांत अर्धं काम होतं.

काही ठिकाणी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली देतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं त्यात विचारलेलं असतं. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचं उत्तर खरं द्या. ते वाचून कुणी घाबरत नाही, रागवत नाही. तुम्हाला किती लवकर आणि कुणी भेटायचं, हे त्यावरून ठरतं.

जुनी प्रिस्क्रिप्शन आणि थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर सोबत न्या. थायरॉइड बिघडल्यानेही मन खचलेलं राहतं.

पहिली भेट

भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. सोबत सासूबाई, नवरा किंवा भाऊ आले असतील तर "मला एकटीला बोलायचंय" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. समुपदेशकाला सांगितलंत तर ते स्वतःच त्यांना बाहेर बसायची विनंती करतात.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीलाच विचारा. माहिती गुप्त ठेवली जाण्याचा हक्क २०१७ च्या कायद्यातच आहे. त्याला मर्यादाही आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाने आदेश दिला, तर माहिती द्यावी लागते. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर पॉक्सो कायद्यानुसार कळवणं बंधनकारक आहे. चांगला समुपदेशक हे आधीच सांगतो.

कुठून सुरू करावं सुचलं नाही तर तसंच सांगा. रडू आलं तर येऊ द्या, टेबलावर टिश्यूचा डबा त्यासाठीच ठेवलेला असतो. या भेटीत उत्तर मिळत नाही, बहुतेक वेळ प्रश्नच होतात. घरी जाताना थकवा येतो, कधी आधीपेक्षा जास्त उदासही वाटतं. त्या संध्याकाळी पाहुणे किंवा मोठं काम ठेवू नका.

समुपदेशक औषधं लिहून देत नाहीत. गरज वाटली तर मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. आधीपासून गोळ्या चालू असतील तर समुपदेशन सुरू झालं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

पुढे

तीन-चार भेटी तरी द्या. मग स्वतःला विचारा: हा माणूस माझं ऐकतो का, की उपदेश करतो? लग्न टिकवा, देवाचं करा, असे सल्ले मिळत असतील, जात किंवा कपड्यांवरून शेरे येत असतील, तर केंद्राच्या समन्वयकाला समुपदेशक बदलून मागा. त्यात कुणाचा अपमान नाही. समोरची व्यक्ती स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा, तो त्यांच्याकडे असलाच पाहिजे.

येता येणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा, म्हणजे ती वेळ वेटिंगवरच्या कुणाला तरी मिळते. आणि परीक्षा, बाळंतपण, पैशाची ओढाताण अशा कारणांनी मध्येच सुटलं, तर वर्षभरानेही फोन करता येतो. "आधी येत होते, मध्ये थांबले, पुन्हा सुरू करायचंय" एवढं सांगा आणि जुना फाईल नंबर असेल तर तो द्या. का थांबलात याचा खुलासा द्यावा लागत नाही.